नाळेचे सावकार

मागच्या पावसाळ्यात चोर्ला घाट चढून येळ्ळूरला गेलो होतो. मामेबहिणीचं घर तिथं. तिच्या लेकीला सातव्या महिन्यात माहेरी आणलेलं. राजहंसगडाच्या पायथ्याचं हे गाव आपल्याकडे ठाऊक आहे ते तिथल्या बासमतीमुळे आणि २०१४ सालच्या ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ या फलकामुळे. फलक गेला, लाठ्या बसल्या, पण मराठीशी नाळ तुटली नाही, असं तिथली मंडळी आजही छातीठोकपणे सांगतात.

आणि त्याच घरात, टीव्हीवर, एक गुळगुळीत माहितीपत्रक. बाळाची नाळ बँकेत ठेवा म्हणून! नाळेतल्या रक्तात मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्या गोठवून ठेवल्या की पुढं बाळाला कसलाही आजार झाला तरी भीती नाही. किंमत साठ हजारांच्या घरात, हप्त्यांची सोय. जावई उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. भाची म्हणाली, "मामा, भरून टाकूया काय वो? उद्या काय झालं तर आपणच कंजूषपणा केला असं व्हायला नको."

या एका वाक्यावर तो सगळा धंदा उभा आहे.

मी आर्ट्सचा पदवीधर, कचेरीत फायली पुढं सरकवणारा. विज्ञानातलं मला काय कळतं? पण परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (तिची एक संस्था बेळगावातच आहे!) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. स्वतःच्याच पुढच्या उपयोगासाठी नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. कारण साधं आहे. थॅलेसेमियासारखा जन्मजात दोष असेल तर तो त्या साठवलेल्या पेशींतही असणारच. स्वतःचं रक्त वापरायची वेळ येण्याची शक्यता बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली दिली आहे: पहिल्या वीस वर्षांत अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. घरात आधीच आजारी मूल असेल, तर पाठच्या भावंडाची नाळ राखण्यात अर्थ आहे. ते निराळं.

आणखी एक गोष्ट त्या पत्रकात नव्हती. नाळ कापायला निदान मिनिटभर थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते रक्त बाळाच्या अंगात जातं, लोह मिळतं. फुकट!

स्टेम सेलला माझा विरोध नाही, उलट प्रेमच आहे. लहानपणी पोलिओ झालेल्या डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ साली टाटा रुग्णालयात देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते याच पेशींचं. रक्ताच्या कॅन्सरच्या एका मुलीला तिच्या भावानं मज्जा दिली. १९८८ साली पॅरिसमध्ये नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेही बहिणीच्या नाळेतून भावाला. दोन्ही वेळा कुणीतरी कुणालातरी दिलं होतं. तिजोरीत कुलूप लावून ठेवलेलं नव्हतं.

आपले विद्वान मात्र स्टेम सेलच्या नीतीवर बोलायला बसले की अमेरिकेतला वाद उचलतात: गर्भात जीव कधी येतो, बुशसाहेबांनी २००१ साली काय ठरवलं वगैरे. अहो, २००६-०७ मध्ये यामानाकांनी त्वचेच्या पेशींना मूळपेशींसारखं करून दाखवलं, त्याला २०१२ चं नोबेलही मिळालं. त्या वादाची धार तेव्हाच बरीच बोथट झाली. आपल्याकडची अनीती गर्भाशी नव्हे, आईबापांच्या भीतीशी चाललेली आहे. ऑटिझमच्या मुलांना स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन लाखो रुपये घेतले जातात. हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२ मध्येच सांगितलं होतं. ज्याची अजून चाचणीच व्हायची, त्याचे रुग्णाकडून पैसे घ्यायचे? ही कुठली वैद्यकी?

भाचीनं पैसे भरले नाहीत. मुलगी झाली, ठणठणीत आहे. डॉक्टरबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, नाळ कापायला घाई करू नका म्हणून. कंपनीच्या माणसाचे फोन मात्र बारशापर्यंत येत होते.