साडेपाचशे किलोमीटरचा हिशेब

माझी थोरली बहीण उदयपूरला दिलेली. तिच्या निधनाचा निरोप पहाटे आला, त्या दिवशी चिकलठाण्याहून उदयपूरला थेट विमान नव्हते. मुंबईमार्गे गेलो. पोहोचलो तेव्हा मंडळी स्मशानातून परतून दोन तास झाले होते. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाची आकडे दुःखातही पाठ सोडत नाहीत. बाराव्यानंतर वही घेऊन बसलो.

चिकलठाणा ते उदयपूरचा डबोक विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ५५० किलोमीटर भरते. जेट विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. नुसता भागाकार केला तर ४१ मिनिटे! परंतु धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, वर चढणे, वेग आवरीत खाली उतरणे यांत आणखी २५-३० मिनिटे जातात. म्हणून सव्वा तास धरावा. वाणिज्यशास्त्रात यास स्थिर खर्च म्हणतात. गिऱ्हाईक येवो न येवो, दुकानाचे भाडे द्यावेच लागते. संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर केवळ २८० किलोमीटर, तरीही प्रवासास तासभर लागतोच. अंतर निम्म्यावर आले म्हणून वेळ निम्म्यावर येत नाही.

आता मुंबईमार्गे पाहू. मुंबई ते उदयपूर सुमारे ६२० किलोमीटर. म्हणजे ५५० च्या जागी ९००, आणि स्थिर खर्च दोनदा. त्यात दोन विमानांमधील प्रतीक्षा; माझ्या वाट्याला ती पाच तासांची आली.

हा थेट मार्ग काही नवा नव्हे. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडताना महामार्गावरील कापसाच्या ट्रकला धडकून जे विमान कोसळले, ५५ जीव गेले, ते इंडियन एअरलाइन्सचे विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर करीत येथे आले होते व मुंबईस निघाले होते. वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांसाठी सोयीचा असा तो मार्ग. व्यापारी कुटुंबांनाही त्याचा लाभ होई.

सुमारे सत्तर आसनांचे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरने गेले तरी दीड तासात पोहोचेल. अडचण आसने भरण्याची आहे. २०१६ साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत सुमारे ५०० किलोमीटरच्या तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवून कंपनीची तूट तीन वर्षे भरून देण्याची तरतूद होती. सवलतीची मुदत संपली की धंद्याचे खरे रूप दिसते, हे मी कर्जखात्यांत अनेकदा पाहिले आहे.

मात्र मागणी नाही, हे मला पटत नाही. मेवाड-मारवाडशी सोयरिकी असलेली घरे आपल्या शहरात आणि जालन्यात किती आहेत! पण आपण रात्रीच्या बसने जातो, किंवा चार गाड्या काढतो, प्रत्येक घर निराळे. कोणत्याही विमान कंपनीच्या वहीत आपली नोंदच होत नाही. (माल मागवताना मात्र आपण एकत्र मागवतो, भाव पाडून घेतो.)

येत्या माघात बहिणीच्या नातीचे लग्न उदयपूरलाच आहे. आमच्याकडून पंचेचाळीस माणसे जातील. या वेळी तिकिटे एकत्र काढायची ठरली असून निघण्याचा दिवस पक्का करण्याआधी विमानांचे हिवाळी वेळापत्रक मागवले आहे.