संकेतस्थळाचे दार सर्वांना उघडे हवे

सिरिंज एका कंपनीची आणि सुई दुसरीची असली, तरी आपले काम अडत नाही. दोहोंचा जोड ‘ल्यूअर’ या ठरलेल्या मापाचा असतो व ते माप कोणा एका कारखानदाराच्या मालकीचे नाही. इंटरनेटचा पायाही असाच आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. १९९४ पासून ‘डब्ल्यूथ्रीसी’ हा संघ त्याची प्रमाणके ठरवीत आला आहे.

तरीही पुढे अनेक संकेतस्थळे केवळ ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’साठीच घडविली गेली. दक्षिण कोरियात तर बँकव्यवहार वर्षानुवर्षे त्याच्या ‘ॲक्टिव्हएक्स’ला जखडले गेले. महाराष्ट्रापासून दूर भोपाळमध्ये मराठी वाचू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा जाच वेगळ्या रूपाने परिचित आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असूनही अनेक मराठी संकेतस्थळांनी स्वतःचे फॉन्ट वापरले. तो फॉन्ट नसला की मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी २००९ मध्ये युनिकोड प्रमाण मानले आणि २०१० मध्ये खुल्या प्रमाणकांचे धोरण जाहीर केले.

एकच ब्राउझर ठरविला की चाचणी सोपी होते, सुरक्षितता राखता येते, असा युक्तिवाद केला जातो. चाचणीचे श्रम वाचतात हे खरे; पण ते कार्यालयाचे वाचतात आणि नागरिकाच्या माथी पडतात. सुरक्षिततेचे म्हणाल, तर जुन्या ब्राउझरला बांधलेली यंत्रणा त्याच्या दोषांनाही बांधली जाते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला काळाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. जन्मतः दिलेल्या बीसीजीपासून सोळाव्या वर्षीच्या टीडीपर्यंत लसीकरणाची नोंद टिकावी लागते. इंटरनेट एक्स्प्लोरर १९९५ साली आला आणि १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. बालकाची नोंद कोणा कंपनीच्या उत्पादनाच्या आयुष्यावर अवलंबून ठेवणे योग्य नव्हे. आज एक्स्प्लोररची जागा क्रोमने किंवा एखाद्या ॲपने घेतली, तरी प्रश्न तोच राहतो.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. दवाखान्यासाठी किंवा संस्थेसाठी संगणकप्रणाली घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ती रुग्णाच्या साध्या मोबाइलवर, कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते काय? आणि उद्या कंपनी बदलली, तर आपल्या नोंदी खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतील काय? दोन्हींचे उत्तर लेखी होकारार्थी मिळाल्याखेरीज धनादेशावर सही करू नये.