दोन बैठकांची मोटार

ह्या सदरांत आम्ही बहुधा पुस्तकें, पाहुणे आणि पावसाळा ह्यांच्यापलीकडे जात नाहीं. मोटारींतलें आम्हांस कळतें तें इतकेंच कीं, आंत बसल्यावर दार ओढून घ्यावें लागतें. असें असतां आज एका शर्यतीच्या मोटारीविषयीं लिहावयास बसलों आहों, ह्याचें कारण सर्वस्वी घरगुती आहे.

आमच्या ताईचा धाकटा मुलगा जर्मनींत स्टुटगार्टजवळ इंजिनियर आहे. २०२३ च्या चैत्रांत ताईचा आम्हांस फोन आला. "त्यानें शर्यतीची गाडी मागविली आहे. तूं त्याचा मामा. तूं सांग, तुझें ऐकेल." एवढें बोलून तिनें फोन खालीं ठेविला.

ह्या तुटकपणाचें कारण आम्हांस ठाऊक होतें. ताईचा थोरला मुलगा १९९८ सालीं रात्रीं दुचाकीवरून घरीं येतांना, रस्त्यांत उभ्या असलेल्या व मागचा दिवा नसलेल्या ट्रकवर आदळून गेला. तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता, धाकटा अकरांचा. त्यानंतर ताईच्या घरांत दुचाकी आली नाहीं. जिन्यांत एखाद्या पाहुण्याचें हेल्मेट दिसलें तरी ती तोंड फिरवी.

आम्हीं भाच्यास चार पानांचें पत्र लिहिलें. त्यांत मुख्यतः पैशांचा विषय काढला, कारण तो काढावयास सोपा. ही मोटार २०२२ च्या ऑगस्टांत जाहीर झाली तेव्हां जर्मनींतील तिची किंमत २,२९,५१७ युरो होती. इतक्या पैशांत पुण्यांत प्रशस्त घर होतें, हें आम्हीं त्याला गणित करून दाखविलें. विम्याचा प्रश्न काढला. वयाचा काढला. खऱ्या मुद्द्यास चौथ्या पानाच्या मध्यावर हात घातला, तोहि भीत भीत.

त्याचें उत्तर लहान होतें. "मामा, तुमचीं साडेतीन पानें मला मान्य आहेत. उरलेल्या अर्ध्याविषयीं लिहितों. दादा वेगानें गेला नाहीं. त्याच्या मागून येणाऱ्या मित्रानें मला मोठेपणीं सांगितलें कीं, तो चाळीसनेंहि जात नव्हता. तो अंधारानें गेला. मला वेग आवडतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मग तो अशा जागीं करावा, जेथें सगळे एकाच दिशेनें जातात, वाटेंत कोणी ट्रक उभा करून जात नाहीं आणि जो तो कशासाठीं आला आहे हें प्रत्येकास ठाऊक असतें. साध्या रस्त्यावर मी ही गाडी तुमच्या रिक्षेसारखी चालवीन."

हें उत्तर आम्हांस पटलें असें नाहीं; परंतु त्याला प्रत्युत्तरहि सुचलें नाहीं. पत्र ताईला दाखविलें. तिनें तें वाचून त्याची घडी केली व विचारलें, "गाडी मिळण्याची तारीख काय?" तारीख ऑगस्टच्या आरंभींची होती, आणि तें वर्ष अधिक श्रावणाचें. "अधिकांत नवें वाहन आणावयाचें नाहीं," ताई म्हणाली. ह्या एका वाक्यावरून आम्हीं ओळखलें कीं, गाडीलाच नाहीं म्हणणें तिनें सोडून दिलें आहे. भाच्यानें तेथें काय कारण सांगितलें असेल तें असो. तारीख महिनाअखेर गेली, आणि निज श्रावणांत ताई, मेहुणे व आम्ही स्टुटगार्टला जाऊन पोंचलों.

आतां ही मोटार म्हणजे काय, तें सांगणें प्राप्त आहे. पोर्शे कंपनीची ही गाडी १९६३ सालीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली. तेव्हां तिचा क्रमांक ९०१ होता. परंतु मध्यें शून्य असलेले तीन आंकडी क्रमांक आमचे, असें फ्रान्सच्या प्यूझो कंपनीनें म्हटल्यावरून तो ९११ झाला. इंजिन मागच्या आंसाच्याहि मागें, हा तिचा विक्षिप्तपणा पुढें साठ वर्षें टिकला. तिचा शर्यतीचा अवतार १९७२ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आला, त्याचें कारण मौजेचें आहे. त्या वेळच्या नियमांप्रमाणें अशी गाडी स्पर्धेंत उतरवावयाची, तर तशा निदान ५०० गाड्या साध्या ग्राहकांसाठीं कराव्या लागत. त्या खपतील कीं नाहीं, ही धास्ती होती. खपल्या १,५८०. म्हणजे रस्त्यावर न शोभणारी गाडी रस्त्यावरच्या माणसांस विकण्याची ही पद्धति मूळची शर्यतीच्या पंचांनीं पाडली, आणि लोकांस ती आवडून गेली. अशा गाड्यांच्या नांवापुढें 'आर्. एस्.' हीं अक्षरें येतात. तीं 'रेनश्पोर्ट', म्हणजे शर्यतीचा खेळ, ह्या जर्मन शब्दाचीं. भाच्याची 'जी. टी. ३ आर्. एस्.' ही त्याच कुळांतली.

तिची ओळख तिच्यांत नसलेल्या गोष्टींवरून करून द्यावी, हें बरें. मागें बैठक नाहीं. सामानाला पुढें जागा नाहीं. इतर ९११ गाड्यांत जेथें पेटी ठेवतात, तेथें हिच्यांत पाणी थंड करणारा एक मोठा रेडिएटर तिरपा बसविला आहे. दारें व छप्पर वजन वांचविण्यासाठीं कार्बनच्या तंतूंचीं. इंजिन चार लिटरांचें, ५२५ अश्वशक्तीचें, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढणारें. पण आम्हांस नवल वाटलें तें मागच्या पंखाचें. तो छपराहूनहि उंच आहे. विमानाचा पंख विमानाला उचलतो. हा पंख पालथा, म्हणून तो गाडीला खालीं दाबतो. ताशीं २८५ किलोमीटर वेगास हा पंख व पुढच्या बाजूचीं पातीं मिळून ह्या १,४५० किलोच्या गाडीवर वाऱ्याचा ८६० किलो भार घालतात, आणि त्या भारामुळें वळणावर चाकें रस्ता सोडीत नाहींत. सरळ रस्त्यावर हाच भार आड येतो. तेव्हां कळ दाबून पंखाची फळी आडवी करावयाची. मेहुण्यांनीं हें तीनदां समजावून घेतलें व चौथ्या वेळीं आम्हांस समजावून सांगितलें.

स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागांतील कारखान्यांत जाऊनच गाडी ताब्यांत घेण्याची सोय आहे, व आधीं कारखाना पाहावयास मिळतो. तेथें एके ठिकाणीं गाडीचा सांगाडा वरून तरंगत येतो, खालून इंजिन व आंस वर चढतात, आणि दोन्हीं एकमेकांस मिळतात. जर्मन कारखान्यांतून ह्या क्रियेला 'होखत्साइट्', म्हणजे लग्न, असेंच म्हणतात. ताईनें हें ऐकतांच विचारलें, "मुहूर्त कोण काढतो?" सूनबाईंनीं प्रश्नाचें भाषांतर केलें. वाट दाखविणाऱ्या बाई हंसल्या व त्यांनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखविलें.

गाडी एका स्वच्छ दालनांत उभी होती, पांढरी. कारखान्याचा एक गृहस्थ तासभर एकेक गोष्ट समजावीत होता. नव्या टायरांना आरंभीं पकड कमी असते. तेल तापल्याशिवाय इंजिन ताणूं नये. ओल्या रस्त्यावर ह्या टायरांशीं फार सलगी करूं नये. इतकी वेगवान वस्तु हातीं देतांना सांगणें मात्र सगळें सावकाशीचें, ह्याची आम्हांस गंमत वाटली.

भाच्यानें शर्यतीची जोड मागून घेतली होती: बैठकींच्या मागें भक्कम कमान, चालकाला सहा जागीं बांधणारा पट्टा, आणि आग विझविण्याचा लहान नळा. तो लाल नळा पाहून ताई थबकली. मग तिनें त्या गृहस्थास खुणेनें विचारून, पट्टा कसा लावतात आणि कसा सोडतात तें करून दाखवावयास लावलें. एकदां पाहून तिचें समाधान झालें नाहीं. दाराशीं वांकून तिनें तो स्वतःच्या हातांनीं जोडला, सोडला, पुन्हां जोडला, पुन्हां सोडला. भाचा शेजारीं उभा होता. तो एक शब्द बोलला नाहीं.

पूजेची अडचण निराळीच. पुढच्या झांकणावर वारा बाहेर सोडणाऱ्या दोन मोठ्या नाकपुड्या असल्यामुळें स्वस्तिकाला ऐसपैस जागा नव्हती. तेव्हां मधल्या पट्टीवर बोटभर स्वस्तिक काढलें. त्या चकाकणाऱ्या रंगावर कुंकू पाहून भाच्याचा जीव किंचित् वरखालीं झालेला आम्हीं पाहिला, पण तो हि गप्प राहिला. नारळ नुसता ओवाळला. त्या फरशीवर तो फोडण्याचें धैर्य कोणासच झालें नाहीं. लिंबें मात्र बाहेर आल्यावर चारी चाकांखालीं ठेविलीं. मागचें टायर ३३५ मिलिमीटर रुंद. त्याखालीं लिंबू केव्हां चिरडलें तें कळलेंहि नाहीं.

आम्ही माणसें पांच व बैठका दोन. पहिला मान कोणाचा, हा प्रश्न उभा राहण्याच्या आधींच सूनबाई म्हणाल्या, "आई बसतील." ताई त्या गाडींत चढली नाहीं, उतरली म्हटलें पाहिजे, इतकी ती बैठक खालीं आहे. आम्ही तिघे जवळच्या नॉयविर्टसहाउस स्टेशनावरून आगगाडीनें घरीं गेलों. वाटेंत पावसानें गांठलें. घरीं पोंचून चहा झाला तरी मायलेकांचा पत्ता नाहीं. अर्ध्या तासानें गाडी दारांत आली; ताई भाच्याच्या हाताला धरून वर आली व म्हणाली, "पाववाल्याची गाडीसुद्धां आम्हांला मागें टाकून गेली!" तिचा इतका मोकळा आवाज आम्हीं फार वर्षांनीं ऐकला.

परंतु पाववाल्याच्या मागून जाण्यासाठीं गाडी घेतलेली नव्हती. महिनाभर भाच्यानें ती सांगितल्याप्रमाणें जपून चालविली, आणि सप्टेंबरअखेर एका सकाळीं तो न्यूर्बुर्गरिंगला निघाला. आम्ही चौघे भाड्याच्या गाडीनें मागून गेलों. आयफेलच्या डोंगरांतला हा मार्ग १९२७ सालचा. त्याचा उत्तर फेरा जवळजवळ एकवीस किलोमीटरांचा, सत्तराहून अधिक वळणांचा. नेमलेल्या वेळीं पैसे भरून कोणासहि आपली मोटार त्यावर नेतां येते. कायद्याच्या दृष्टीनें तो एकेरी टोलरस्ता. ह्याच जातीच्या गाडीनें, यॉर्ग बेर्गमाइस्टर ह्या कसलेल्या चालकाच्या हातीं, २०२२ सालीं हा फेरा ६ मिनिटें ४९.३२८ सेकंदांत पुरा केला होता. भाच्यानें आम्हांस आधींच बजावलें होतें कीं, आपणांस दहा मिनिटांवर लागतील.

ब्रुन्शेन नांवाच्या वळणाशीं कुंपणाबाहेर पाहणाऱ्यांची गर्दी असते. आम्ही तेथें उभे राहिलों. झाडांआडून आधीं आवाज येई, मग गाडी उतारावर दिसे, आणि दिसली म्हणेपर्यंत वळून नाहींशी होई. पांढरी गाडी पहिल्यांदा गेली तेव्हां ताईनें हातांतलें घड्याळ पाहिलें. प्रत्येक फेऱ्याअंतीं फाटकांतून बाहेर पडून पुन्हां आंत शिरावें लागतें, म्हणून दुसरें दर्शन सतरा मिनिटांनीं झालें. तिसरें झालें नाहीं.

इतर गाड्याहि येईनाशा झाल्या आहेत, हें आमच्या ध्यानांत उशिरा आलें. मग दिवे लुकलुकवीत एक गाडी गेली, तिच्यामागून रुग्णवाहिका. शेजारचा एक गृहस्थ सूनबाईंना म्हणाला, रस्ता बंद केला आहे, कोणीतरी पडलें. सूनबाई फोन लावीत होत्या. तो वाजे, पण उचलला जात नव्हता. मेहुणे कुंपणाचा खांब धरून उभे राहिले. ताई गवतावर बसली आणि तिनें घड्याळ पालथें करून पदराखालीं घेतलें. तिच्याकडे पाहण्याचा आम्हांस धीर होईना. आमच्या त्या चार पानी पत्राची आम्हांस फार लाज वाटली. तें शेवटचें अर्धें पान आम्हीं सर्वांत आधीं लिहावयास हवें होतें.

तेवीस मिनिटांनीं फोन आला. भाचा फाटकाशीं रांगेंत अडकला होता. फोन गाडींत ठेवून इतर मंडळींशीं बोलत बाहेर उभा होता. पडलेला माणूस मोटारसायकलवाला. पाय मोडला होता, पण तो शुद्धीवर होता. सूनबाईंनीं फोन ताईच्या हातीं दिला. भाचा घाईघाईनें क्षमा मागूं लागला, ती तिनें ऐकून घेतली नाहीं.

"त्याच्या घरच्यांना कोणी कळविलें का?" तिनें विचारलें.

भाच्यास तें ठाऊक नव्हतें. "चौकशी करून सांगतों," तो म्हणाला.

दहा मिनिटांनीं त्यानें सांगितलें कीं, त्या माणसाची पत्नी फाटकाशींच होती व ती त्याच्याबरोबर गेली. ताईनें "बरें" म्हटलें. आणखी पाऊण तासानें रस्ता उघडला. ह्या वेळीं भाच्यानें आंत शिरण्याआधीं फोन केला. "आई, आतां एक फेरा घेतों."

ताई गवतावरून उठली, कुंपणाशीं गेली, आणि घड्याळ सुलटें करून पाहूं लागली.