चुकलेलं भोक

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या, लाल रंगात लिहायच्या आणि मग डेव्हलपरच्या डेस्कशी जाऊन गोड आवाजात विचारायचं, 'बॉस, हे असंच व्हायला हवंय का?' सात वर्षं हेच करतोय. त्यामुळे लोक चुका कशा लपवतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी समजूत होती.

मागच्या वर्षी ऑनसाइटला गेलो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनला. तिथे माझा मावसभाऊ राहतो. दादाच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही, कारण तिथे विमान आहे. म्हणजे व्हायचंय. सध्या शेपूट आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'गॅरेजमध्ये? विमान?' मी तिला कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांची आठवण करून दिली. त्यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते ठेवलंही होतं. दादाचं काम त्यामानाने सोपं. त्याच्याकडे किट आहे.

किट म्हणजे फर्निचरसारखं चार स्क्रू फिरवले की झालं, असं समजू नका. ऑरेगनमधल्याच व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटवरून बांधलेली दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. पण त्यातलं प्रत्येक कुणीतरी शनिवार-रविवार घालवून, हजारो रिव्हेट ठोकून बांधलेलं. अमेरिकेचा नियमच आहे की अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असलं पाहिजे. वर आत एक पाटी लावावी लागते. हे विमान हौशी माणसाने बांधलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम ते पाळत नाही, असं प्रवाशाला सांगणारी. ती पाटी वाचून वहिनी दादाला म्हणाली होती, 'हे लग्नाआधी सांगायचं असतं.'

तर मी वीकेण्डचा बिनपगारी मदतनीस. काम साधं होतं. शेपटीच्या पत्र्याला भोकं आधीच पाडलेली असतात. त्याखाली रिब येते, म्हणजे फासळी. रिबच्या दुमडलेल्या कडेला फ्लँज म्हणतात. त्या फ्लँजच्या बरोबर मध्यावर मार्करने रेघ मारायची. (पेन्सिल चालत नाही. शिशाच्या रेघेने ॲल्युमिनियम गंजतं, हे मला तिथेच कळलं.) मग पत्र्याच्या प्रत्येक भोकातून डोकावायचं. रेघ दिसली की ड्रिल करायचं आणि लगेच त्यात क्लेको लावायचा. क्लेको म्हणजे स्प्रिंगचा छोटा चिमटा. रिव्हेट मारेपर्यंत दोन पत्रे घट्ट धरून ठेवतो. दादाची सूचना एकच होती. रेघ दिसली नाही तर थांब.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला ठाण्याहून मावशीचा फोन आला. तिकडे रविवार सकाळचे आठ. दादा आत गेला. माझी नऊ भोकं मस्त झाली होती आणि हात सुटला होता. दहाव्यात डोकावलो तर रेघ नाही. रिब जरा सरकली असावी. आता एवढ्यासाठी सगळं सोडून पुन्हा बसवायचं? केलं ड्रिल.

बाजूने वाकून पाहिलं आणि पोटात गोळाच आला. भोक फ्लँजच्या काठाला जाऊन टेकल्यासारखं. वरून मात्र काहीच दिसत नव्हतं. पत्र्याचं भोक गोल, सुंदर. मी त्यात एक चंदेरी क्लेको लावला आणि पुढे सरकलो. दादा आला, 'वा!' म्हणाला. जेवायला भरली वांगी होती, मी एकच घेतलं. वहिनीने विचारलं, 'बरं नाहीये का?' म्हटलं, 'जेट लॅग.' मला येऊन सात आठवडे झाले होते.

रात्री झोप येईना. अडीच मिलिमीटरचं भोक असतं. एका चुकीच्या भोकाने असं काय होणार? मग दादाच्या शेल्फवरचं पुस्तक काढून बसलो. रिव्हेट ठोकला की तो आत फुगतो आणि भोक गच्च भरतो, ताकद तिथून येते. भोकाभोवती पुरेसा पत्रा नसेल तर काठ फुगतो किंवा फाटतो. आठच्या आकड्यासारखं जोडभोक झालं असेल तर रिव्हेट ते नीट भरतच नाही. सांधा हलत राहतो, मधल्या टोकदार जागेतून तडा सुरू होतो. नियम असा की भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट पत्रा हवा. आमचा रिव्हेट २.४ मिलिमीटरचा. म्हणजे ४.८ हवेत.

आणि या विमानात पुढे वहिनी बसणार. दादाची सहा वर्षांची मुलगी बसणार. तिने आपली सीट कधीच ठरवून टाकलीय.

सकाळी चहाच्या आधी सांगितलं. दादा काही न बोलता गॅरेजमध्ये गेला, क्लेको काढले, रिब बाहेर काढली, स्टीलची पट्टी लावली. 'तीन,' म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, 'भोक चुकलं ते ठीक आहे रे. वरून क्लेको का लावलास?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये.

मी आपलं काहीतरी सुचवायचं म्हणून म्हटलं, 'मोठा रिव्हेट टाकू या?' तो हसला. भोक जरा ढगळ झालं असेल तर ते चालतं. त्यासाठी खास रिव्हेटही मिळतो. दांडा जाड, पण डोकं लहान मापाचं. तिकडचे लोक त्याला लाडाने 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात. दादाने स्वतः तीन वापरलेत, बिघडलेले रिव्हेट ड्रिल करून काढताना भोक वाढलं म्हणून. पण माझ्या बाबतीत दांडा जाड केला की काठाशी पत्राही जास्त लागणार, ३.२ च्या रिव्हेटला ६.४. म्हणजे दुरुस्तीने दुखणं वाढणार. शेजारी योग्य अंतरावर जादा रिव्हेट घालता येतो, आतून जोडपत्रा लावता येतो. लांबी भरून बुजवणं मात्र नाही. ते फक्त दिसायला. त्याने फोटो काढले, मापं लिहिली आणि किटवाल्यांना मेल टाकला. उत्तर आलं, रिब बदला. नवी रिब पिझ्झाहून स्वस्त निघाली. पोस्टाचा खर्चच जास्त.

'रिव्हेट मारून झाल्यावर सांगितलं असतंस ना,' तो म्हणाला, 'तर एकेक डोकं ड्रिल करून उडवायचं, दांडा ठोकून काढायचा. त्यात निम्मी भोकं बिघडली असती.' त्यापुढचं तो बोलला नाही. सांगितलंच नसतं तर?

पुढचे दोन वीकेण्ड मला ड्रिल मिळालं नाही. भोकांच्या कडा साफ करत बसलो, शेकडो. गॅरेजबाहेर ऑरेगनचा पाऊस आणि आत किशोरकुमार. एवढी वाईट शिक्षा नव्हती म्हणा. त्या दिवसांत दादाची वही चाळली. बांधकामाचा प्रत्येक तास त्यात तारखेनिशी लिहिलेला, सोबत फोटो. विमान तपासायला येणारा माणूस हेच बघतो, कारण बंद झालेल्या शेपटीच्या आत त्यालाही शिरता येत नाही. पानोपानी लाल शाईत चुका. उलटी बसवलेली रिब. चुकीच्या नंबरचं ड्रिल. एका पानावर नुसतंच 'आज काम करायला नको होतं.'

नवी रिब आली. या वेळी प्रत्येक भोकात मी इतका वेळ डोकावत होतो की वहिनी म्हणाली, 'आत कुणी राहतं का?' रेघ दिसली, केलं. रेघ दिसली, केलं. दहाव्याला दादा मुद्दाम आत निघून गेला.

संध्याकाळी त्याने वही माझ्यापुढे ठेवली. 'तूच लिही.' मी तारीख टाकली. लाल पेनाने लिहिलं : रिब बदलली. कारण, ड्रिल घसरलं.

त्याने वाचलं, शेवटचे दोन शब्द खोडले आणि पेन परत माझ्या हातात दिलं. मी पुन्हा लिहिलं : रेघ दिसत नव्हती, तरी ड्रिल केलं.