पार्सल ए विंगला, चौकशी बी विंगला!

नव्या प्रोजेक्टचा पहिला दिवस. टीम लीड सांगून गेलाय, 'जँगोचा सेटअप करून ठेव, उद्यापासून कामाला लागू.' तुम्ही जोशात पिप इन्स्टॉल जँगो मारता, सगळं नीट इन्स्टॉल होतं. एडिटर उघडून इम्पोर्टची पहिली ओळ लिहिता आणि तिच्याखाली ती नागमोडी रेघ हजर! पायचार्म म्हणतं, 'अनरिझॉल्व्ह्ड रेफरन्स'. व्हीएस कोड म्हणतं, 'इम्पोर्ट कुड नॉट बी रिझॉल्व्ह्ड'. म्हणजे एकच, जँगो नावाचं कुणी आम्हाला सापडत नाही.

गंमत म्हणजे टर्मिनलमधून सर्व्हर झकास चालतो. ब्राउझरमध्ये जँगोचं ते रॉकेटसुद्धा उडतं! मग खरं कोण बोलतंय, टर्मिनल की एडिटर?

दोघंही. फक्त दोघं वेगवेगळ्या घरात डोकावतायत. तुमचं पार्सल ए विंगच्या वॉचमनकडे ठेवलंय आणि तुम्ही बी विंगच्या वॉचमनला विचारताय. तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतोय, 'साहेब, इथे काही आलं नाही.' यावर पुन्हा ऑर्डर देण्यात काय अर्थ आहे? पण आपण नेमकं तेच करतो. अनइन्स्टॉल, रीइन्स्टॉल, मशीन रीस्टार्ट. दुपारचा चहा होतो, संध्याकाळ होते, रेघ तिथेच.

आधी विंग तपासा

एका मशीनवर दोन-तीन पायथन सुखाने नांदत असतात. त्यात प्रत्येक प्रोजेक्टची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याचा स्वतंत्र फ्लॅट. ही सोय पायथनमध्ये 3.3 या व्हर्जनपासून, म्हणजे 2012 पासून आहे. एका फ्लॅटमध्ये केलेलं इन्स्टॉल दुसऱ्यात दिसत नाही आणि तोच तर तिचा फायदा आहे.

तेव्हा दोन मिनिटांची एक टेस्ट करा. ज्या टर्मिनलमध्ये सर्व्हर चालतो, तिथेच पायथन सुरू करा, सिस इम्पोर्ट करा आणि सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा. कुठलं पायथन चालू आहे, त्याचा पूर्ण पत्ता मिळेल. आता पायथनची फाइल उघडी ठेवून एडिटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे एडिटरने निवडलेला इंटरप्रिटर दिसतो. त्यावर क्लिक करून दोन पत्ते ताडून बघा. जुळत नसतील तर चोर सापडला! तिथूनच योग्य इंटरप्रिटर निवडा. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' म्हटलं तरी चालतं.

आणि यापुढे नुसतं पिप इन्स्टॉल नको, 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' म्हणायची सवय लावा. जे पायथन चालू आहे त्याच्याच घरात सामान जातं.

जँगो सापडला, पण स्वतःचंच ॲप सापडेना?

हा दुसरा प्रकार. जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट केलं की एकाच नावाचे दोन फोल्डर एकात एक तयार होतात. मॅनेज डॉट पीवाय बाहेरच्या फोल्डरमध्ये बसते. सर्व्हर तिच्यामार्फत चालतो, म्हणून पायथन त्या फोल्डरपासून शोध सुरू करतं. पण तुम्ही एडिटरमध्ये त्याच्याही वरचा फोल्डर उघडला असेल, तर एडिटर तिथून शोधतो आणि गोंधळतो.

पायचार्ममध्ये मॅनेज डॉट पीवाय असलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करा, 'मार्क डिरेक्टरी ॲज' मध्ये जाऊन 'सोर्सेस रूट' निवडा. व्हीएस कोडमध्ये सरळ तोच फोल्डर उघडा. वरचाच फोल्डर उघडणं भाग असेल, तर सेटिंगमध्ये ॲनालिसिसच्या 'एक्स्ट्रा पाथ्स'मध्ये त्याचा पत्ता द्या.

पाळण्यातलं नाव वेगळं

काही पॅकेजेसची दोन नावं असतात. इन्स्टॉल करताना 'पिलो', इम्पोर्ट करताना 'पीआयएल'. इन्स्टॉल करताना 'जँगोरेस्टफ्रेमवर्क', इम्पोर्ट करताना 'रेस्ट अंडरस्कोर फ्रेमवर्क'. आणि स्वतःच्या फाइलला जँगो डॉट पीवाय असं नाव चुकूनही देऊ नका. पायथन आधी घरातल्याच जँगोला हाक मारेल!

मित्राच्या मशीनवरून अख्खा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर उचलून आणलात? त्यातला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर डिलीट करा. त्यात मित्राच्या मशीनचे पत्ते लिहिलेले असतात. रिक्वायरमेंट्सची फाइल घ्या आणि आपला फ्लॅट आपण नव्याने लावा.

एवढं करूनही रेघ हटेना, तर पायचार्ममध्ये 'इनव्हॅलिडेट कॅशेस' किंवा व्हीएस कोडमध्ये 'रीस्टार्ट लँग्वेज सर्व्हर'. पण हा उपाय शेवटचा, पहिला नव्हे.

'चालतंय ना? मग सोड ना यार!'

प्रत्येक ऑफिसात हा सल्ला देणारा एक महाभाग असतोच. वॉर्निंग बंद करायची आणि पुढे जायचं. सल्ला मोहाचा आहे, पण महागात पडतो. फाइलभर खोट्या रेघा असल्या की नजर मरते. उद्या खरोखर एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकलं की त्याच गर्दीत खरी रेघही हरवते. शिवाय इम्पोर्ट न सापडल्यामुळे ऑटो-कम्प्लीट, नाव बदलणं, डेफिनिशनवर उडी मारणं, सगळंच लंगडं होतं. मग एवढा भारी एडिटर आणि साधं नोटपॅड यात फरक काय उरला?

जँगो जन्माला आला तो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या ऑफिसात आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. वृत्तपत्र म्हणजे रोजची डेडलाइन. डेडलाइनवाल्यांसाठी बनवलेल्या या फ्रेमवर्कच्या सेटअपमध्येच आपला दिवस जावा, हे काही बरं नाही. तेव्हा पुढच्या वेळी रेघ दिसली की रीइन्स्टॉल नको. पहिला प्रश्न एकच: तू कुठल्या विंगमध्ये शोधतोयस, बाबा?