शेजारी शनवार तेली, कपाटात हिटलर

परवा एका परिचितांकडे चहाला गेलो होतो. गप्पा नेहमीप्रमाणे देशाच्या दुरवस्थेवर आल्या आणि यजमान म्हणाले, "सर, आपल्याला एक हिटलरच पाहिजे!" पाचच मिनिटांनी इस्राएलचा विषय निघाला, तर हेच गृहस्थ म्हणतात, "राष्ट्र असावं तर असं!" मी म्हटलं, अहो, तुमच्या या दोन वाक्यांच्या मध्ये साठ लाख ज्यू मारले गेले आहेत. ते हसले. त्यांना वाटले, सर विनोद करताहेत.

माझे बालपण अलिबाग तालुक्यात गेले. आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब होते. गाव त्यांना शनवार तेली म्हणे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे, घरात मराठी, आणि मलिदा झाला की वाटी आमच्याकडे यायची. पुढे ते इस्राएलला गेले. मागे राहिले ते थोडेच.

भारतात ज्यूंचा छळ झाला नाही असे आपण कॉलर ताठ करून सांगतो. (गोव्यातले इन्क्विझिशन पोर्तुगीजांचे, ते सोडा.) ठीक आहे, पूर्वजांनी छळ केला नाही. पण आपण काय करतो? हिटलरचे आत्मचरित्र मराठीत घेऊन ऐटीत कपाटात ठेवतो. हिंदुस्थान इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा, असे त्यात लिहिले आहे हे किती जणांनी वाचले असेल, देव जाणे. २००६ साली नवी मुंबईत हिटलरच्या नावाने चक्क उपाहारगृह निघाले. मुंबईच्या ज्यू समाजाने आक्षेप घेतला, मग नाव बदलले. मी काय केले? बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

दुसरीही एक जात आहे. गाझातली मुले मरतात तेव्हा माझाही जीव कळवळतो, आणि त्याबद्दल बोललेच पाहिजे. पण त्याचा जाब ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला आलेल्या म्हाताऱ्याला विचारायचा? आणि मुसलमानांना डिवचण्यापुरते ज्यूंचे प्रेम येणाऱ्यांनी भायखळ्याला जाऊन यावे. तिथे मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ज्यूंनी काढलेली शाळा आहे. शिकणारी बहुतेक मुले मुसलमानांची. शेजार म्हणतात तो हा.

असो. दुसऱ्यांना बोलून झाले, आता स्वतःचे सांगतो. नोकरीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. आठवीतला मुलगा 'माझा आवडता नेता' म्हणून हिटलरवर बोलला. शिस्त, देशप्रेम, पोलादी इच्छाशक्ती... पाठांतर चोख, आवाज खणखणीत. दुसरे बक्षीस मीच दिले. समोर बसलेल्या मुलांत एखादे बेने इस्राएल मूल होते का, हे मी मान वर करूनही पाहिले नाही.