बेसवाल्या गिऱ्हाइकाला अ‍ॅम्प विकण्याआधी



मागच्या बॅचमध्ये एका मुलाने हात वर करून विचारलं, "सर, वायरवाले हेडफोन आता कोण घेते? सगळं ब्लूटूथ झालं ना." मी त्याला म्हटलं, भद्रावतीला ये आणि संध्याकाळी सात वाजता माझ्या काउंटरला उभा राहा. खाणीतून सुटलेली पोरं येतात, आयुध निर्माणीतले येतात, कॉलेजची मुलं येतात, आणि त्यातला निम्मा-अर्धा प्रश्न एकच असतो: "भाऊ, यात बेस येते का?"

या प्रश्नाला हसू नका. आपल्याकडे बेस आवडणाऱ्याला कमी समजायची एक सवय आहे, जणू बारीक आवाज ऐकणारे तेवढे जाणकार आणि धमक मागणारे गावंढळ. मला हे पटत नाही. आपला माणूस ढोल ऐकत मोठा झाला, जयंतीच्या मिरवणुकीत छातीत ठोका घेत चालला. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर मंडपात बसला तर तिथेही तबला-नाल साउंडवाल्याने फुगवलेलाच असतो. त्याच्या कानाला संगीत म्हणजे खालचा आवाज. ती आवड आहे, अडाणीपणा नाही. आणि ज्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या आवडीची लाज वाटते, त्याने ती वस्तू ठेवूच नये.

आता माझी चूक सांगतो, कारण या लेखाचं कारण तीच आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी नागपूरहून छोट्या हेडफोन अ‍ॅम्पचा एक लॉट उचलला. डोक्यात गणित सरळ होतं: बेस पाहिजे म्हणतात, अ‍ॅम्प दिला की बेस येईल, हेडफोनवर मार्जिन वेगळं, अ‍ॅम्पवर वेगळं. पहिला नग मी खाणीत कंत्राटावर असलेल्या एका पोराला विकला. त्याच्याकडे साधा सोनीचा झेडएक्स ११० होता. दुकानात त्याने ऐकलं, खूश झाला, पैसे दिले. आठ दिवसांनी परत आला. रागावला नव्हता, हेच जास्त लागलं. म्हणाला, "दादा, घरी आवाज सारखा केला तर फरकच नाही वाटून राहिला." खरं होतं त्याचं. मी दुकानात अ‍ॅम्प लावून ऐकवताना आवाज नुसता मोठा केला होता. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, बेस भरलेला वाटतो. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत नसणं हा काही बचाव नाही. मी पैसे परत दिले आणि उरलेला लॉट मागच्या कपाटात गेला.

त्यानंतर मी जरा बसून हिशेब शिकलो. बीबीएमध्ये कोणी हे शिकवत नाही, पण अवघड नाही. डब्यावर दोन आकडे लिहिलेले असतात: किती ओहम आणि किती डेसिबल. झेडएक्स ११० हा २४ ओहम आणि ९८ डेसिबल, म्हणजे एक मिलिवॅट दिला तर ९८ डेसिबल आवाज. चांगल्या टाइप-सी डोंगलमधून साधारण एक व्होल्ट मिळतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केलं की इथे चाळीसच्या वर मिलिवॅट येतात, आणि आवाज जातो ११४ डेसिबलच्या आसपास. अर्ध्या व्होल्टचा डोंगल धरला तरी १०८. अशा हेडफोनला अ‍ॅम्प म्हणजे स्कूटीला ट्रकची बॅटरी.

आता दुसरं टोक बघा. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला, ९६ डेसिबल. त्याच एका व्होल्टला चार मिलिवॅट मिळतात आणि आवाज १०२ वर थांबतो, अर्ध्या व्होल्टला तर ९६ च. हे आकडे गाण्यातल्या सगळ्यात जोरदार ठोक्याचे असतात. एकूण गाणं त्याच्या बरंच खाली वाजतं. तिथे अ‍ॅम्प पाहिजे, त्याशिवाय तो हेडफोन मेल्यासारखा वाजतो. पण भद्रावतीत २५० ओहमचा हेडफोन घेऊन वर्षात किती जण येतात? माझ्याकडे रेकॉर्डिंग करणारा एक आला होता.

मग बेसवाल्याला अ‍ॅम्प लागतच नाही का? लागतो, पण वेगळ्या कारणाने, आणि हे कारण बहुतेक दुकानदारांना माहीत नसतं. पोरं फोनच्या इक्वलायझरमध्ये बेस वर ओढतात. सहा डेसिबल वर ओढला तर ठोक्याला आवाज फाटतो, कारण डिजिटल आवाजाला वरची मर्यादा असते. न फाटता बेस पाहिजे असेल तर आधी एकूण आवाज सहाने खाली घ्यावा लागतो. म्हणजे बेस आला, पण गाणं हळू झालं. हे सहा डेसिबल परत मिळवायला दुप्पट व्होल्ट, चौपट ताकद लागते. हलक्या हेडफोनला ती डोंगलमध्येच असते. थोड्या जड हेडफोनला, कमी व्होल्टच्या डोंगलवर, ती संपते. तिथे छोटा अ‍ॅम्प खरं काम करतो. जोडी जुळवणं म्हणतात ते हेच. डबा किती महागाचा, याचा त्यात काही संबंध नाही.

जोडी बिघडते कशी, हेही एकदा पाहिलं. भजनी मंडळात कीबोर्ड वाजवणारा एक जण आपला ३२ ओहमचा हेडफोन जुन्या मिक्सरच्या भोकात लावून म्हणायचा, आवाज हळू येते पण बेस लय फुगते. बरोबर आहे. जुन्या काही सामानात हेडफोनच्या वाटेत १२० ओहमपर्यंतचा रेझिस्टर असतो. ३२ ओहमच्या वाट्याला व्होल्टचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो, आणि खालच्या सुरांना हेडफोनचा स्वतःचा ओहम वाढत असल्याने तेवढाच भाग जास्त उचलला जातो. बेस वाढतो, पण ढिला, लोंबकळणारा. नियम म्हणून सांगायचं तर अ‍ॅम्पचा आतला ओहम हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा. मी त्याला हे समजावलं. तो म्हणाला, मला ढिलाच आवडते. मग काय, त्याचे कान, त्याचं भजन.

आता धंद्याची गोष्ट. बेस कमी आहे म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला मी सगळ्यात आधी कान दाखवायला सांगतो. मजाक नाही. इअरफोनचा रबर कानात नीट बसला नाही, थोडी फट राहिली, की बेस सगळ्यात आधी गळतो. एक साइज मोठा रबर लावला की बऱ्याच जणांचं तिथेच समाधान होतं. डोक्यावरच्या हेडफोनच्या गाद्या चपट्या झाल्या, फाटल्या, तरी तेच होतं. रबराच्या जोडीवर काय सुटतं? चहाचे पैसे. पण तो माणूस पुढचं कव्हर, चार्जर, हेडफोन दुसऱ्या दुकानात घेत नाही.

डोंगलचं मात्र शिकून ठेवा, कारण रोजची भांडणं तिथेच होतात. २०१६ मध्ये आयफोन ७ ने ३.५ मिलिमीटरचं भोक काढलं, मग हळूहळू बाकीच्यांनीही. टाइप-सी डोंगल दोन जातीचे असतात. एकात आत चिप असते जी डिजिटल आवाजाचं ॲनालॉग करते, दुसऱ्यात नुसती वायर. वायरवाला फक्त त्या फोनवर चालतो जो टाइप-सीमधूनच ॲनालॉग आवाज सोडतो. बाकी फोनवर तो मुका. स्वस्त म्हणून वायरवाला लॉट उचलला तर चारातले दोन परत येतील आणि "डुप्लिकेट माल ठेवतो" हे नाव तुमचं होईल. मी फक्त चिपवाले ठेवतो आणि विकण्याआधी गिऱ्हाइकाच्याच फोनवर लावून दाखवतो.

एक डेमो काउंटर करा. दोन-तीन वायरवाले हेडफोन, एक डोंगल, एक छोटा अ‍ॅम्प, गाणं गिऱ्हाइकाचं. दोन्हीकडे आवाज सारखा करून ऐकवा, त्यासाठी मोबाइलमधलं आवाज मोजायचं फुकट अ‍ॅपही चालतं, कानाला धरून अंदाज येतो. सारख्या आवाजाला फरक कळला नाही तर तोंडाने सांगा, "घेऊ नको." हे वाक्य म्हणायला मला सुरुवातीला जड जायचं, कारण समोर ठेवलेला माल माझाच होता.

आणि एक गोष्ट, जी धंद्याच्या विरोधात वाटेल. आमच्याकडे येणारे बरेच जण दिवसभर डंपर आणि मशिनच्या गोंगाटात असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० ला तेच फक्त चार तास. कान आधीच दमलेला असला की पोरगं आवाज आणखी वाढवतं, आणि त्याला अ‍ॅम्प देणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. अशा वेळी मी बंद कपाचा, कानाला नीट बसणारा हेडफोन देतो. बाहेरचा गोंगाट थांबला की कमी आवाजातही बेस ऐकू येतो. त्याला वाटतं मी जास्त बेसवाला दिला.

तो खाणीतला पोरगा गेल्या महिन्यात परत आला होता. नवीन फोन घेतला, भोक नाही त्याला. डोंगल नेला, बंद कपाचा हेडफोन नेला, अ‍ॅम्पकडे बोट दाखवून हसला. त्या लॉटमधले चार नग अजून कपाटात आहेत. पुढच्या व्हिडिओत त्यातला एक उघडून आत काय असतं ते दाखवतो, शंका असतील तर दुकानावर या, संध्याकाळी सातनंतर.